वाचक विचारतात : क्वार्टरबॅक बाकावर का बसतो?

या खेपेला टपालात अमेरिकन फुटबॉलचे प्रश्न बरेच निघाले. कुणाचा भाचा तिकडे शिकायला गेलाय, कुणी रात्री जागून सामने बघतंय. गोव्यात ‘फुटबॉल’ म्हटलं की तो पायानेच खेळायचा, त्यावर वाद नको. म्हणून खाली ‘फुटबॉल’ म्हणजे आपला आणि ‘अमेरिकन’ म्हणजे त्यांचा, असं समजून वाचावं. ‘क्वार्टरबॅक’ म्हणजे त्यांच्या संघाची प्रत्येक चाल चालवणारा, पास फेकणारा खेळाडू. प्रश्न थोडे आटोपशीर केले आहेत.

माझा भाचा टेक्सासमध्ये शिकतो. त्याच्या कॉलेजने मोठा गाजावाजा करून एक क्वार्टरबॅक घेतला. शाळेत असताना त्याला म्हणे पाच तारे होते. अख्खा मोसम संपला, पण हा दिसला तीन सामन्यांत, तेही सामना खिशात पडल्यावर. एवढा चांगला असेल तर बसवून ठेवतात कशाला? (एक वाचक, मडगाव)

गोलकीपर डोळ्यांसमोर आणा. संघात विंगर चार असले तर चौघांनाही आलटूनपालटून खेळवता येतं. गोलकीपर मात्र एकच उभा राहतो, आणि दुसरा कितीही चांगला असला तरी बाकावरच. क्वार्टरबॅकचंही तेच. प्रत्येक चालीत चेंडू त्याच्या हातात येतो, आवाज त्याचा, खुणा त्याच्या. तो बदलला की उरलेल्या दहा जणांची लयच बदलते. म्हणून प्रशिक्षक सहसा त्याला हात लावत नाहीत.

तुमच्या पत्रातला ‘तीन’ हा आकडा मात्र योगायोगाचा नसावा. कॉलेजच्या खेळाडूला पाच वर्षांत चार मोसम खेळता येतात. जे एक वर्ष न खेळता राखून ठेवतात, त्याला ‘रेडशर्ट’ म्हणतात. पूर्वी काही मिनिटं मैदानावर उतरलं तरी वर्ष खर्ची पडायचं. 2018 मध्ये नियम बदलला: चार सामन्यांपर्यंत खेळवलं तरी वर्ष शाबूत राहतं. त्यामुळे प्रशिक्षक ते चार सामने जपून वापरतात. एखाद-दुसरा सोपा सामना आधी, आणि उरलेले मोसमाच्या शेवटासाठी, कारण तोवर पहिला क्वार्टरबॅक जायबंदी होण्याची शक्यता वाढलेली असते.

बसलेल्या वर्षात तो काय करतो, हे टीव्हीवर दिसत नाही. सरावातल्या बहुतेक चाली पहिल्या क्रमांकाच्या वाट्याला जातात, दुसऱ्याला उरल्यासुरल्या. तिसऱ्या-चौथ्याचं काम म्हणजे येत्या शनिवारच्या प्रतिस्पर्ध्याच्या क्वार्टरबॅकची नक्कल करणं. प्रशिक्षक पुठ्ठ्यावर काढलेली चाल दाखवतो, हा ती आपल्याच बचावफळीसमोर खेळून दाखवतो. हात चालू राहतो, पण स्वतःच्या संघाच्या चाली अंगात मुरत नाहीत. नवखा मुलगा मागे पडतो तो बहुधा इथेच. त्यावरचा उपाय म्हणजे पहिल्या क्रमांकाच्या मागे उभं राहून प्रत्येक चाल मनात खेळणं, आणि संध्याकाळी चित्रफितीवर आपला निर्णय ताडून बघणं.

उदाहरणं हवी असतील तर जो बरो हा क्वार्टरबॅक पाहा. 2015 मध्ये ओहायो स्टेटमध्ये रेडशर्ट, पुढची दोन वर्षं राखीव. 2018 मध्ये लुइझियाना स्टेटला गेला, तिथलं पहिलं वर्ष बरं म्हणावं इतपत, 16 टचडाउन पास (टचडाउन म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्ट्यात पोचवणं). 2019 मध्ये तेच आकडे 60 टचडाउनवर गेले, 15 पैकी 15 सामने जिंकले, आणि व्यावसायिक संघांच्या 2020 च्या निवडीत पहिल्या क्रमांकावर त्याचं नाव पुकारलं गेलं. टॉम ब्रेडीही मिशिगनमध्ये ब्रायन ग्रीसीच्या मागे ताटकळला आणि 2000 मध्ये 199 व्या क्रमांकावर उचलला गेला. उलटही घडतं. 2018 मध्ये क्लेमसनने चार सामन्यांनंतर केली ब्रायंटला बाजूला करून पहिल्या वर्षाच्या ट्रेव्हर लॉरेन्सकडे संघ सोपवला, आणि त्या संघाने एकही सामना न हरता विजेतेपद घेतलं. ब्रायंटचे तोवर बरोबर चारच सामने झाले होते. तो पुढे खेळलाच नाही, वर्ष वाचवलं आणि मिझुरीला गेला. नव्या नियमाचा असा वापर प्रशिक्षकांना बहुतेक अपेक्षित नव्हता.

दोन चालींच्या मध्ये क्वार्टरबॅक हातवारे करतो, ओरडतो, मागे वळून बघतो. नेमकं काय चाललेलं असतं? (शिक्षक, फोंडा)

आधी पाया. चार प्रयत्नांत 10 यार्ड पुढे जायचं, गेलात की पुन्हा चार प्रयत्न. टचडाउनचे 6 गुण. आधीची चाल संपली की 40 सेकंदांचं घड्याळ सुरू होतं. त्या 40 सेकंदांचा हिशेब असा.

पहिल्या काही सेकंदांत बाकावरून चाल येते. 2024 पासून वरच्या श्रेणीतल्या कॉलेज संघांना शिरस्त्राणात रेडिओ वापरता येतो. ज्याच्या शिरस्त्राणामागे हिरवा ठिपका, त्याच्या कानात प्रशिक्षक. पण घड्याळात 15 सेकंद उरले की आवाज बंद. पुढे पोराचं पोराने निस्तरायचं. म्हणून चाल सांगायला उशीर करणारा प्रशिक्षक स्वतःच्याच क्वार्टरबॅकचा गळा आवळतो.

उरलेल्या वेळात तो तीन गोष्टी बघतो. एक, समोरच्या बचावाचे सगळ्यात मागचे राखणदार किती, मधोमध एक की दोन बाजूंना दोन. एक असेल तर कडेच्या झेलकऱ्याला एकट्याशी झुंज मिळण्याचा संभव जास्त, दोन असतील तर मधली जागा मोकळी सापडते. दोन, बचावातला मधला लाइनबॅकर (पहिल्या फळीच्या मागे उभा राहणारा) कोण. बोट दाखवून त्याचा नंबर ओरडतात तो यासाठी, कारण आपल्या पुढच्या पाच अडवणाऱ्यांनी कुणाला पकडायचं हे त्याच्यापासून मोजतात. तीन, कुणी ‘आलो आलो’ असं सोंग करतंय का. त्यासाठी मुद्दाम खोटी हाळी देतात, म्हणजे जो धावून येणार असतो तो चुळबुळ करतो.

चेंडू हातात आल्यावर साधारण अडीच-तीन सेकंद मिळतात. पावलं आणि नजर जोडलेली असते: मागे तीन पावलं म्हणजे जवळचा पास, पाच पावलं म्हणजे मध्यम, सात म्हणजे लांबचा. शेवटचं पाऊल टेकताना पहिला झेलकरी मोकळा हवा. नसेल तर अर्ध्या उडीने पाय जुळवून दुसरा, मग तिसरा, आणि काहीच जमलं नाही तर जवळच उभा असलेला रनिंग बॅक, म्हणजे एरवी चेंडू घेऊन पळणारा.

नवख्याचं बिघडतं कुठे? पहिल्या झेलकऱ्याकडे टक लावून बघण्यात. मागचा राखणदार चेंडूकडे बघतच नाही, तो क्वार्टरबॅकच्या डोळ्यांकडे बघतो. दुसरी चूक, मधल्या पट्ट्यात उशिरा फेकणं. तिसरी जरा वेगळी आहे. सरावात क्वार्टरबॅकला वेगळ्या रंगाची जर्सी घालतात आणि त्याला पाडायला बंदी असते. त्यामुळे ‘आता मी पडलो असतो’ हे घड्याळ त्याच्या डोक्यात तयारच होत नाही. पहिल्या खऱ्या सामन्यात तो चेंडू चार सेकंद धरून ठेवतो आणि पाठीवर आपटतो.

आणखी एक खास कॉलेजची अडचण. मैदान 160 फूट रुंद. चाल जिथून सुरू होते त्या दोन तुटक रेघांमध्ये कॉलेजात 40 फुटांचं अंतर असतं, व्यावसायिक खेळात फक्त साडेअठरा. म्हणजे चेंडू डाव्या रेघेवर असेल तर उजवी कड 100 फूट लांब. समालोचक ‘12 यार्डांचा साधा पास’ म्हणतो. फेकणारा 5 यार्ड मागे असतो, 17 यार्ड पुढे आणि 33 यार्ड आडवे: चेंडू प्रत्यक्षात हवेत सुमारे 34 मीटर जातो. हा पास जरा लोंबला की मधल्या मधे पळवला जातो. मुलाची ताकद बघायची असेल तर लांबलचक पास बघू नका, हा आडवा पास बघा.

मी अकरावीत आहे, क्रिकेटमध्ये सीमारेषेवरून माझा थ्रो थेट स्टंपवर येतो. काकांनी अमेरिकेहून तो लांबट चेंडू आणलाय. मी फेकला की तो कोंबडीसारखा फडफडतो. का? (म्हापसा)

तुझा हात चांगला आहे, सवय वेगळी आहे. क्रिकेटचा चेंडू कसाही सुटला तरी जातो, या चेंडूला स्वतःभोवती फिरत जावं लागतं.

पकडीपासून सुरुवात कर. अनामिका आणि करंगळी शिवणीच्या दोरीवर, मधलं बोट दोरीच्या कडेला, तर्जनी दोरी सोडून टोकाच्या दिशेने, अंगठा खालून. तळवा आणि चेंडू यांच्यात थोडी फट दिसली पाहिजे. तळवा चिकटला की फडफड आलीच. हात लहान असेल तर चेंडू जरा मागच्या टोकाकडे धर. तरीही पुरत नसेल तर कुमारांच्या आकाराचा चेंडू वापर, त्यात कमीपणा नाही.

मग फेक. उजव्या हाताचा असशील तर डावा खांदा लक्ष्याकडे, चेंडू दोन्ही हातांनी छातीशी. डावं पाऊल छोटं टाक, एक वीतभर पुरे. ते लक्ष्याच्या किंचित डावीकडे रोखलेलं हवं. आधी कंबर वळते, मग खांदा, मग कोपर. कोपर खांद्याच्या उंचीला किंवा वर. सीमारेषेवरून फेकणारे पळत येऊन मोठा ढांग टाकतात आणि हात मागे लांब नेतात. इथे ते चालत नाही, कारण तुझ्याभोवती माणसं असतात आणि हात मागे गेला की चेंडू कुणीतरी हिसकावतो. सुटताना तर्जनी सगळ्यात शेवटी चेंडू सोडते. सुटल्यावर अंगठा जमिनीकडे आणि तळवा बाहेर वळलेला असावा. अंगठा आकाशाकडे राहिला, तर मनगट उलटं फिरलं समज.

आठवड्यातून तीन दिवस, दिवसाला 50 फेकी. पहिल्या 15 उजवा गुडघा टेकून, 8-10 यार्डांवरून. पाय बाद झाले की हाताची चूक लगेच दिसते. पुढच्या 20 उभं राहून 15 यार्डांवरून, उरलेल्या 15 तीन पावलं मागे जाऊन. खांद्याच्या आतल्या बाजूला किंवा कोपरात दुखलं तर त्या दिवशी थांब. क्रिकेटचा सराव त्याच दिवशी असेल तर फेकी निम्म्या कर, खांदा एकच आहे.

हवेकडेही लक्ष दे. नियमात 12.5 ते 13.5 पीएसआय दाब सांगितलाय. फुटबॉलला हवा भरायची सुई आणि पंप चालतो. गंमत म्हणजे वजनात फारसा फरक नाही: हा 14 ते 15 औंस, म्हणजे 400 ग्रॅमच्या आसपास, आणि आपला फुटबॉल 410 ते 450. पावसाळ्यात चामड्याचा चेंडू बाहेर काढू नकोस. पाणी पिऊन जड होतो आणि लाल मातीचा लेप बसला की पकडच राहत नाही. जून ते सप्टेंबर रबराचा वापर, आणि चामड्याचा भिजलाच तर सावलीत सुकव, चुलीजवळ नको.

निकालात वाचलं की अमुक क्वार्टरबॅकने नऊ वेळा धावून फक्त 3 यार्ड मिळवले. सामना बघितला तेव्हा तर तो चांगला पळत होता. आकडे चुकीचे छापतात का? (साखळी)

आकडे बरोबर, पद्धत विचित्र. कॉलेजात क्वार्टरबॅक चेंडू फेकायच्या आत मागे पाडला गेला तर ते गमावलेले यार्ड त्याच्या धावण्यातून वजा होतात. पाच वेळा खरंच पळून 32 यार्ड, चार वेळा पाडला जाऊन उणे 29: कागदावर नऊ वेळा धावून 3 यार्ड. व्यावसायिक खेळात हे नुकसान संघाच्या पासच्या खात्यातून जातं, म्हणून तिथले आकडे स्वच्छ दिसतात.

पास-गुणांकही घरी काढता येतो. यार्ड गुणिले 8.4, टचडाउन गुणिले 330, यशस्वी पास गुणिले 100, या तिघांची बेरीज करा. त्यातून प्रतिस्पर्ध्याने पळवलेल्या पासमागे 200 वजा करा, आणि एकूण पासच्या प्रयत्नांनी भागा. समजा 30 पैकी 20 पास लागले, 250 यार्ड, 2 टचडाउन, 1 पास पळवला गेला: 2100 अधिक 660 अधिक 2000, उणे 200, म्हणजे 4560. भागिले 30, उत्तर 152. नवख्यासाठी हे उत्तमच. बरोचा 2019 च्या पूर्ण मोसमाचा आकडा 202 आला होता. पण नवख्याचा गुणांक दुबळ्या संघांविरुद्ध फुगतो, तेव्हा शेवटच्या पाच-सहा सामन्यांचा वेगळा काढून बघा.

हल्ली दर वर्षी क्वार्टरबॅक कॉलेज बदलतात. यात निष्ठा वगैरे काही उरली नाही का? आणि पैसे मिळतात हे खरं? (वास्को)

निष्ठेचा प्रश्न जेलन हर्ट्सला लावून बघा. अलाबामाचा पहिला क्वार्टरबॅक, दोन मोसमांत त्याच्या हाताखाली संघ 26 सामने जिंकला, 2 हरला. त्यातली दुसरी हार होऊनही संघ 8 जानेवारी 2018 च्या अंतिम सामन्यापर्यंत पोचला. मध्यंतराला जॉर्जिया 13-0 ने पुढे होता. प्रशिक्षक निक सेबन यांनी हर्ट्सला बसवलं आणि पहिल्या वर्षाच्या टुआ टागोवाइलोआला पाठवलं. जादा वेळेत टुआच्या 41 यार्डांच्या पासवर अलाबामा 26-23 ने जिंकला. हर्ट्स त्या वर्षी कॉलेज सोडून गेला नाही. 1 डिसेंबर 2018 ला विभागीय अंतिम सामना, समोर पुन्हा जॉर्जिया, टुआ जायबंदी झाला, हर्ट्स आला आणि 35-28 ने सामना काढून दिला. मग पदवी घेऊन तो ओक्लाहोमाला गेला. फेब्रुवारी 2025 मध्ये सुपर बोलचा, म्हणजे व्यावसायिक खेळाच्या अंतिम सामन्याचा, सर्वोत्तम खेळाडू ठरला तो हाच. जागा एकच आणि वर्षं चारच असली की दुसऱ्याने किती थांबायचं, हा हिशेब पोराने मांडला तर त्याला बेइमान म्हणणं आम्हाला पटत नाही. आपल्याकडे गोलकीपर क्लब बदलतो तेव्हा कुणी भुवई उंचावत नाही.

नियमांनी मात्र हे फार सोपं केलं. ऑक्टोबर 2018 मध्ये बदलीसाठी नाव नोंदवायची सामायिक यादी सुरू झाली. आधी बदली केली की एक वर्ष बसावं लागे. 2021 पासून पहिल्या बदलीला ती अट गेली, 2024 मध्ये अभ्यासात उत्तीर्ण असणाऱ्याला कितीही बदल्या मोकळ्या झाल्या. पैशांचं खरं आहे: 1 जुलै 2021 पासून खेळाडू स्वतःच्या नावावर जाहिरात करून कमवू शकतात, आणि 2025 च्या न्यायालयीन तडजोडीनंतर कॉलेजं थेट वाटा देऊ शकतात. 2025-26 साठी ती कमाल मर्यादा एका कॉलेजला सगळे खेळ मिळून सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलर होती. क्वार्टरबॅकचा वाटा मोठा असतो, हे सांगायला नको.

मुलगा हा खेळ खेळायचं म्हणतो. डोक्याला मार बसतो म्हणतात. (काणकोण)

बसतो. शिरस्त्राण कवटी फुटण्यापासून वाचवतं, आत मेंदू हिंदकळणं थांबवत नाही. कॉलेजात मेंदूला मार बसल्याचं निदान झालेल्या खेळाडूला त्याच दिवशी परत खेळवत नाहीत. घरच्या मैदानावरही हाच नियम ठेवा: गरगरणं, मळमळ, उजेड सहन न होणं किंवा तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं यातलं काही दिसलं की खेळ बंद, डॉक्टर. आमचा सल्ला असा की अंगावर धावून पाडण्याचा प्रकार सोडून त्याला कमरेची पट्टी ओढायचा फ्लॅग फुटबॉल खेळू द्या.

हे सामने गोव्यात कधी बघायचे? (पेडणे)

मोसम ऑगस्टअखेर सुरू होतो, मुख्य दिवस शनिवार. अमेरिकेच्या पूर्व भागातला दुपारी 12 चा सामना आपल्याकडे शनिवारी रात्री 9:30 ला, साडेतीनचा रात्री 1 ला, संध्याकाळी साडेसातचा रविवारी पहाटे 5 ला. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांची घड्याळं मागे जातात, तेव्हापासून सगळ्यात एक तास मिळवा. नव्या मुलांना बघायचं तर 9:30 चे सप्टेंबरमधले सामने धरा. एकतर्फी झालेल्या सामन्याच्या शेवटच्या पंधरा मिनिटांत राखीव क्वार्टरबॅक हमखास उतरतो.

मी सोळा वर्षांचा, शाळेच्या संघाचा गोलकीपर. गोव्यातून कुणी तिकडे क्वार्टरबॅक होऊ शकेल का? (बाणावली)

खरं सांगायचं तर क्वार्टरबॅक म्हणून फार अवघड. तिकडची मुलं दहा-अकराव्या वर्षापासून बचाव वाचायला शिकतात, ते कसब अठराव्या वर्षी उसनं आणता येत नाही. दोन वाटा त्यापेक्षा जवळच्या आहेत.

एक, फ्लॅग फुटबॉल. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईत झालेल्या ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात हा खेळ 2028 च्या लॉस एंजेलिस स्पर्धेसाठी मंजूर झाला. पाच विरुद्ध पाच, मैदान 50 यार्ड लांब आणि 25 रुंद, दोन्ही टोकांना आणखी 10-10 यार्ड. क्वार्टरबॅकला चेंडू घेऊन रेषेपुढे पळता येत नाही आणि 7 सेकंदांत पास द्यावाच लागतो. गोलकीपरची लांब फेक इथे फार कामाची नाही, झटपट 10-15 यार्डांची अचूक फेक हवी. फुटबॉलच्या मैदानाच्या एका कोपऱ्यात शंकू ठेवून हे मैदान आखता येतं.

दुसरी वाट पायाची. ऑस्ट्रेलियाची कितीतरी मुलं लाथ मारण्याच्या जोरावर अमेरिकन कॉलेजांत गेली, आणि लाथ मारायला गोव्याच्या पोराला कोण शिकवणार! गोलखांब साडेअठरा फूट अंतरावर, आडवी दांडी 10 फुटांवर, आणि चेंडू दांडीच्या वरून जायला हवा. फुटबॉलमध्ये जो फटका ‘वर गेला रे’ म्हणून शिव्या खातो, तोच इथे हवा. कॉलेजात गोलसाठी चेंडूखाली टेकू चालत नाही, सोबती जमिनीवर धरतो. चेंडू मागे आल्यापासून साधारण 1.3 सेकंदांत पाय लागला पाहिजे. रोज 30 फटके, 25 यार्डांपासून सुरू करून 40 पर्यंत, आणि प्रत्येक वेळी दोन पावलं मागे, दोन पावलं बाजूला मोजून.

आणि अभ्यास. तिकडच्या पात्रता केंद्रात नाव नोंदवताना नववीपासूनच्या सगळ्या गुणपत्रिका लागतात. वरच्या श्रेणीसाठी 16 मुख्य विषय आणि 4 पैकी किमान 2.3 गुणसरासरी हवी. तिसऱ्या श्रेणीतली कॉलेजं खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाहीत, हे एजंटाला पैसे देण्याआधी घरी सांगून ठेव. विद्यार्थी व्हिसावर जाहिरातीचे पैसे कमावण्यावरही कडक बंधनं आहेत. नववीची गुणपत्रिका हरवली असेल तर शाळेकडून दुसरी प्रत आत्ताच मागून घे.